शाळेवरचे सिमेंटचे पत्रे: पाहणीपासून विल्हेवाटीपर्यंतचा क्रम आणि नेहमीच्या चुका

जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकांच्या आणि जुन्या अनुदानित संस्थांच्या अनेक शाळांवर आजही सिमेंटचे नालीदार पत्रे आहेत. सिमेंटला बळकटी यावी म्हणून यांतल्या बहुतेक पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. पत्रा अखंड असेपर्यंत हे तंतू सिमेंटात घट्ट बसलेले राहतात. तो फुटला, कापला, घासला गेला किंवा उन्हापावसाने त्याचा वरचा थर झिजला, की ते मोकळे होतात आणि डोळ्यांना न दिसता श्वासावाटे फुप्फुसात जाऊन तिथेच राहतात. त्यातून होणारे अ‍ॅस्बेस्टोसिस (फुप्फुसे घट्ट होत जाण्याचा आजार), फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे आजार बहुधा काही दशकांनी प्रकट होतात, त्यामुळे शाळेत झालेल्या निष्काळजीपणाशी त्यांचा संबंध कोणी जोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत आणि पत्र्यांत वापरला जाणारा पांढरा क्रायसोटाइलही त्यांतलाच आहे. भारतात या पत्र्यांच्या विक्रीवर बंदी नाही. म्हणून दुकानात मिळते ते निर्धोकच असणार, असा समज रूढ झाला आहे.

छप्पर बदलण्याचा निर्णय बहुतेक ठिकाणी बरोबर असतो, चुकतो तो क्रम. वीस वर्षे डोक्यावर असलेल्या पत्र्यापेक्षा तो उतरवण्याच्या दोन दिवसांत अधिक धूळ उडते, कारण पत्रे वरून खाली टाकले जातात, तुकडे झाडूने गोळा होतात आणि सोमवारी त्याच वर्गात मुले बसतात. पुढचे टप्पे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि काम पाहणारे अभियंते यांच्यासाठी आहेत.

१. पाहणी: कुठे काय आहे

पाहणी जमिनीवरून करावी आणि छपरावर कोणालाही चढवू नये. जुना सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण माणसाच्या वजनाने तो अचानक फुटतो. अशा पत्र्यातून खाली पडून होणारे मृत्यू हा या कामातला सर्वांत तातडीचा धोका आहे आणि त्याला काही दशकांची वाट पाहावी लागत नाही.

छपराबरोबर पुढील जागाही पाहाव्यात: पावसाचे पाणी खाली आणणारे सिमेंटचे पाईप, जुन्या सिमेंटच्या पाणीटाक्या, वर्गांमधल्या सपाट सिमेंट पत्र्याच्या भिंती किंवा छतपट्ट्या (छपराखाली लावलेले आतले छत), स्वच्छतागृहाचे आणि पोषण आहाराच्या स्वयंपाकघराचे छप्पर, चुलीच्या धुराचे नळकांडे, आणि आवारात कुंपणाला टेकवून ठेवलेले जुने पत्रे. माध्यमिक शाळेत प्रयोगशाळेचे कपाट हमखास विसरले जाते. स्पिरिटच्या दिव्यावर ठेवायच्या तारेच्या जुन्या जाळ्यांच्या मधोमध जो पांढरा गोल असतो, तो बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसचा असतो आणि वापरून तो भुरभुरत राहतो. अशा जाळ्या लगेच ओल्या करून दुहेरी पिशवीत बंद कराव्यात आणि त्यांच्या जागी सिरॅमिकच्या जाळ्या घ्याव्यात. या लेखातले एवढे एकच काम असे आहे की ज्याला निधी, परवानगी किंवा सुट्टी यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागत नाही.

पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे की नाही, हे रंगावरून किंवा वाजवून कळत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंट पत्रेही हुबेहूब तसेच दिसतात. पत्र्यावर छाप शिल्लक असेल तर तो वाचावा: आयएस ४५९ हे भारतीय मानक अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या नालीदार पत्र्यांचे आहे. छाप नसेल आणि जुने खरेदीचे कागदही नसतील, तर पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चालावे. नमुना तपासायचाच असेल तर छपराचा तुकडा मोडू नये. आधीच पडलेला बोटभर तुकडा ओला करून, दोन बंद पिशव्यांत घालून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा. हाताळणाऱ्याने मास्क आणि हातमोजे घालावेत.

तपासणी: इमारतीचा साधा हाती काढलेला नकाशा, त्यावर प्रत्येक जागेची खूण आणि तारखेसह छायाचित्रे, एवढे तयार असल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

२. निकड ठरवणे

सर्व पत्रे एकाच वेळी बदलता येत नाहीत, म्हणून आधी कोणते हे ठरवावे लागते. वर्गाच्या आतून दिसणारा फुटलेला किंवा कडेने भुगा सुटणारा पत्रा सर्वांत वर घ्यावा. स्वयंपाकघरावरचा पत्रा त्याच्या पाठोपाठ येतो, कारण आगीत हे पत्रे तडकून त्यांचे तुकडे उडतात. त्यानंतर मुलांचा हात, चेंडू किंवा सायकल जिथे पोहोचते अशा सखल ओसरीचे पत्रे आणि सपाट भिंती. उंचावरचा, अखंड, फक्त शेवाळलेला पत्रा शेवटी घेतला तरी चालतो.

पागोळ्या पडतात ती जागा स्वतंत्रपणे नोंदवावी. झिजलेल्या पत्र्यावरचे तंतू पावसाच्या पाण्याबरोबर वाहून पन्हळीत आणि पागोळीखालच्या मातीत साचतात. नेमक्या त्याच कडेला मुले डबा खायला बसतात किंवा मातीत खेळतात. पन्हळीतला सुकलेला गाळ उन्हाळ्यात खरवडून काढण्याची पद्धत म्हणूनच वाईट आहे. तो काढायचा असेल तर पूर्ण भिजवून, चिखल झाल्यावर काढावा आणि पत्र्यांसारखाच बंद पिशवीत भरावा. अशा छपराचे पाणी पिण्यासाठी साठवू नये.

३. काम होईपर्यंतची व्यवस्था

मंजुरीला वर्ष-दोन वर्षे लागतात आणि सर्वाधिक चुका याच काळात होतात, त्याही चांगल्या हेतूने. गळती थांबवण्यासाठी शेवाळ तारेच्या ब्रशने घासून वर रंग किंवा गळतीरोधक लेप देणे, ही त्यांतली सर्वांत मोठी चूक. घासताना झिजलेला थर तंतूंसकट सुटतो. दाबाच्या पाण्याने धुणे तितकेच वाईट. पंख्यासाठी किंवा दिव्याच्या वायरीसाठी पत्र्याला भोक पाडू नये. वायर कैचीवरून (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावरून) न्यावी. पत्र्याखाली छतपट्टी लावायची असेल तर तिचा आधार भिंतीला किंवा कैचीला द्यावा. पंधरा ऑगस्टला किंवा स्नेहसंमेलनाला पताका बांधण्यासाठी पत्र्याच्या कडेला खिळे ठोकले जातात, तेही बंद करावे.

छोटा तडा किंवा भोक असेल तर आतल्या बाजूने, परांचीवरून, ओल्या फडक्याने पुसून रुंद डांबरी चिकटपट्टी लावता येते. फडके पुन्हा वापरू नये. छपरावर आलेल्या फांद्या सुट्टीत कापून घ्याव्यात. कोकणात नारळ आणि माकडे यांनी फुटणारे पत्रे ही नित्याची बाब आहे, तेव्हा ज्या खोलीवर माड झुकलेला आहे तिथे वर्ग भरवू नयेत.

वादळाने पत्रे फुटले तर क्रम वेगळा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत शाळांची छपरे उडवली, आणि अशा वेळी शाळा लवकर सुरू व्हावी म्हणून गावकरी, शिक्षक आणि मोठी मुले मिळून आवार झाडून काढतात. ही मदत थांबवणे अवघड जाते, तरी थांबवावी. आधी खोली आणि भोवतालचा भाग दोरी लावून बंद करावा, वीज तोडावी, पंचनामा आणि छायाचित्रे घ्यावीत, तुकड्यांवर हलके पाणी मारून ताडपत्री टाकावी, आणि मग पुढे सांगितलेल्या साधनांसह मोठ्या माणसांकडून ते हातांनी उचलून घ्यावेत. श्रमदान ही चांगली गोष्ट आहे, पण पत्र्यांचे तुकडे गोळा करण्याचे श्रमदान विद्यार्थ्यांकडून कधीही करून घेऊ नये.

इशारा: सुटलेल्या तुकड्यांचा चुरा करून खड्डे बुजवण्यासाठी किंवा मैदानावर भर म्हणून वापरू नये. वरून गेलेले प्रत्येक चाक त्यातून तंतू सोडत राहते.

४. कागद, निधी आणि निर्लेखन

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पाहणीचा नकाशा ठेवून ठराव घ्यावा आणि हे काम शाळा विकास आराखड्यात लिहावे. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि बांधकाम उपविभागाकडे एकाच दिवशी द्यावी आणि पोहोच घ्यावी. निधी समग्र शिक्षा, जिल्हा नियोजन समिती, ग्रामपंचायत किंवा एखाद्या कंपनीचा सामाजिक दायित्व निधी यांतून येऊ शकतो. तो कुठूनही आला तरी अंदाजपत्रकात कोणत्या बाबी आहेत याकडे लक्ष द्यावे.

बहुतेक अंदाजपत्रकांत ‘जुने पत्रे काढणे’ ही एकच ओळ असते. त्या ओळीच्या दरात ठेकेदार पत्रे काढतो म्हणजे फोडून खाली टाकतो, कारण दुसऱ्या कशाचे पैसे त्यात धरलेलेच नसतात. म्हणून परांची, पाणी मारणे, मजुरांचे मास्क आणि पोशाख, प्लास्टिक कागदात बांधणी, धोकादायक कचऱ्याची वाहतूक, विल्हेवाटीचे शुल्क आणि अंतिम ओली सफाई या बाबी स्वतंत्रपणे लिहून घ्याव्यात. तांत्रिक मंजुरीनंतर त्या घुसवणे जवळजवळ अशक्य असते.

निर्लेखनात, म्हणजे जुनी मालमत्ता नोंदीतून कमी करण्यात, आणखी एक खाच आहे. जुन्या वर्गखोलीचे निर्लेखन झाले की लाकूड, कौले, दारे-खिडक्या यांच्याबरोबर पत्रेही लिलावाच्या यादीत जातात. थोड्या रकमेसाठी शाळेवरचा पत्रा मग गोठ्यावर, चुलीच्या आडोशाला किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागतो आणि धोका त्याच गावात फक्त जागा बदलतो. यादीतून पत्रे वगळून त्यांची नोंद विल्हेवाट लावायचा धोकादायक कचरा अशी करण्याची लेखी विनंती समितीने करावी. धोकादायक व इतर कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत टाकून दिलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा समावेश आहे, हा संदर्भ पत्रात द्यावा.

तपासणी: उतरवलेले पत्रे कुठे जाणार, कोण नेणार आणि त्याचे पैसे कोणत्या बाबीतून जाणार, याचे लेखी उत्तर हाती असल्याशिवाय कामाचा आदेश स्वीकारू नये.

५. काम सुरू होण्यापूर्वीची तयारी

काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावे. त्यामुळे मुले नसतात आणि पावसापूर्वी नवे छप्पर बसवायला वेळ राहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात घाईने सुरू केलेल्या कामात पहिला वळीव आला की सगळी शिस्त मोडते. दिवसातही पहाटेपासून सकाळी दहापर्यंतचा, वारा पडलेला वेळ वापरावा. शाळेच्या आवारातच अंगणवाडी भरत असेल तर तिची व्यवस्था त्या दिवसांपुरती दुसरीकडे करावी. हा मुद्दा बैठकीत कोणी काढत नाही.

खोलीतले बाक, फळे, पुस्तके, संगणक आणि पोषण आहाराचे धान्य आधीच बाहेर न्यावे. उरलेल्या वस्तू आणि फरशी प्लास्टिकने झाकावी. शेजारच्या खोल्यांच्या खिडक्या बंद करून फटींना चिकटपट्टी लावावी. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर तोही झाकावा. खोलीची वीज मुख्य बटनापासून बंद करावी, कारण पुढे पाणी मारायचे आहे.

साधने पुढीलप्रमाणे असावीत. मजुरांसाठी एफएफपी-३ दर्जाचे किंवा पी-१०० फिल्टरचे, म्हणजे अतिशय बारीक धूळ अडवणारे मास्क. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क इथे निरुपयोगी आहे, आणि दाढी असेल तर चांगला मास्कही कडेने गळतो. एकदा वापरून टाकायचे टोपीसह पोशाख, रबरी हातमोजे, गमबूट. पाणी मारण्यासाठी पाठीवरचा फवारणी पंप सोयीचा असतो, पण तो नवा असावा. शेतात औषध मारलेला पंप आणून वर्गात फवारू नये. पाण्यात थोडे साबणाचे द्रावण घातले की ते पत्र्यात नीट मुरते. बांधणीसाठी निदान २०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिक कागद घ्यावा. जमिनीवर अंथरायला शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद मिळाला तर उत्तम. बोल्ट कटर, रुंद चिकटपट्टी, दोर, परांची, फळ्या आणि मजुरांना हात-पाय धुण्यासाठी वेगळी जागा, हेही आदल्या दिवशी तयार असावे.

६. पत्रे उतरवणे

क्रम सरळ आहे: बसवताना जे शेवटी बसले ते आधी काढायचे. म्हणजे प्रथम आढ्यावरचे कोने, मग वरची ओळ, मग खालची. खालच्या ओळीपासून सुरुवात केली तर वरचा पत्रा अडकून फुटतो.

पत्र्याच्या दोन्ही बाजू हलक्या फवाऱ्याने भिजवाव्यात. ओल्या पत्र्यावर पाय घसरतो, म्हणून काम शक्यतो आतल्या परांचीवरून करावे. वर जावेच लागले तर किमान तीन आडव्या वाशांवर टेकणाऱ्या लांब फळीवरून, कमरेला दोर बांधून जावे. गंजलेल्या जे-बोल्टची चाकी फिरवण्यात वेळ घालवू नये. बोल्टचा वळलेला हुक खालून बोल्ट कटरने कापला की पत्रा मोकळा होतो. ग्राइंडर, करवत आणि हातोडा या तिन्हींना या जागेवर मज्जाव असावा.

सुटा झालेला पत्रा दोघांनी धरून, अखंड, हातोहात खाली द्यावा किंवा दोराने सोडावा. अंथरलेल्या कागदावर तो आडवा ठेवावा, पुन्हा ओला करावा, आणि उचलता येतील एवढ्या पत्र्यांचा गठ्ठा दोन थरांत बांधून सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. बाहेरून मोठ्या अक्षरांत ‘अ‍ॅस्बेस्टॉस – फोडू नये, श्वासाला घातक’ असे मराठीत आणि वाहतुकीच्या वाटेवर लागत असेल तर हिंदीतही लिहावे. दहा-वीस पत्रे साठल्यावर बांधू, असे म्हणू नये. उन्हात पत्रे वाळतात आणि केलेले भिजवणे वाया जाते.

इशारा: मजुरांनी कामाच्या पोशाखात जेवू नये, विडी ओढू नये, आणि तो पोशाख घरी नेऊ नये. घरी धुतलेल्या कपड्यांतून तंतू त्यांच्या कुटुंबापर्यंत पोहोचतात. आधी पोशाख ओला करून काढावा, हात धुवावेत, मास्क सर्वांत शेवटी उतरवावा आणि मगच तोंड धुवावे.

७. सफाई

झाडू लावू नये. घरगुती व्हॅक्यूमही वापरू नये, कारण तो बारीक तंतू मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. मोठे तुकडे हातांनी उचलावेत, मग कैच्या, वासे, भिंतींचे माथे, खिडक्यांच्या चौकटी आणि फरशी वरून खाली या क्रमाने ओल्या फडक्याने पुसावी. फडकी, अंथरलेला कागद, पोशाख आणि मास्क हे सर्व पत्र्यांच्याच कचऱ्यात जाते. पागोळीखालच्या मातीतले दिसणारे तुकडे ओले करून वेचावेत आणि त्यावर मुरमाचा जाड, दाबलेला थर किंवा फरसबंदी करावी.

तपासणी: खोली अंधारी करून टॉर्च फरशीला तिरपी धरावी. प्रकाशात पांढुरकी धूळ दिसली तर पुसण्याची आणखी एक फेरी करावी. ही पाहणी ठेकेदाराच्या माणसाने न करता मुख्याध्यापक किंवा समितीच्या सदस्याने करावी, आणि मगच नव्या छपराचे काम सुरू करू द्यावे.

८. वाहतूक आणि विल्हेवाट

बांधलेले गठ्ठे उघड्या ट्रॉलीत खडीवर टाकून नेऊ नयेत. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे धोकादायक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट केंद्रे आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करून आपल्या जिल्ह्याला कोणते केंद्र लागू आहे ते काम सुरू होण्यापूर्वीच निश्चित करावे. एका लहान शाळेसाठी वाहतूक महाग पडते. माझ्या मते तालुक्यातल्या पाच-दहा शाळांची कामे एकाच सुट्टीत लावून वाहतूक एकत्र करणे हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे, आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पातळीवर जमू शकतो. गाडी येईपर्यंत गठ्ठे कुलूपबंद, मुलांपासून दूर असलेल्या खोलीत ठेवावेत. ते नाल्यात, पडक्या विहिरीत किंवा ग्रामपंचायतीच्या उकिरड्यावर जाणार नाहीत, याची जबाबदारी कामाच्या आदेशात नावानिशी लिहिलेली असावी.

९. नवे छप्पर

रंगीत धातूचा पत्रा सिमेंटच्या पत्र्यापेक्षा कितीतरी हलका असतो. जुन्याच वाशांवर, जुन्याच अंतराने तो ठोकला तर वादळात तो उचलला जाण्याचा धोका वाढतो. वाशांमधले अंतर, स्क्रूंची संख्या आणि कैची भिंतीत कशी जखडली आहे, हे कनिष्ठ अभियंत्याकडून नव्याने तपासून घ्यावे. उष्णता आणि पावसाचा आवाज याही खऱ्या अडचणी आहेत. विदर्भात एप्रिलमध्ये नुसत्या धातूच्या पत्र्याखाली बसवत नाही. उष्णतारोधक थर असलेला पत्रा किंवा खाली हवेची पोकळी ठेवून लावलेली, सहज पेट न घेणारी छतपट्टी अंदाजपत्रकातच धरावी. थर्माकोलची स्वस्त छतपट्टी आगीच्या दृष्टीने वर्गात नको. पुन्हा सिमेंटचाच पत्रा घ्यायचा असेल तर पुरवठादाराकडून तो अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे; तोंडी हमीवर विसंबू नये.

१०. नोंद

पाहणीचा नकाशा, आधीची आणि नंतरची छायाचित्रे, समितीचा ठराव, विल्हेवाट केंद्राची पावती आणि काम केलेल्या मजुरांची नावे व तारखा एका नोंदवहीत ठेवाव्यात. मजुरांची नावे अनावश्यक वाटतात, पण आजार उशिरा प्रकट होत असल्यामुळेच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे जपण्यास सांगितले होते. शाळेत मुख्याध्यापक बदलून जातात आणि कपाटातले कागद दप्तर निर्लेखनात निघून जातात, म्हणून नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्यावी. ज्या खोल्यांवर अजून जुने पत्रे आहेत त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला ‘या छपराला भोक पाडू नये, वर चढू नये’ अशी सूचना लावावी आणि वायरमन, रंगारी किंवा मंडपवाला कामाला आला की ती त्याला वाचून दाखवावी.